तिसरी-चौथीच्या मुलांचा सायन्स सेंटरमध्ये रात्रीचा मुक्काम: पाठवावं का, आणि आधी काय काय विचारून घ्यावं?

सोनचाफा

नमस्कार मंडळी, शाळेतून चिठ्ठी आलीये, तिसरी-चौथीची मुलं सायन्स सेंटरला जाणारेत आणि तेही मुक्कामाला. म्हणजे संध्याकाळी सेंटर सगळ्यांसाठी बंद झालं की ही मुलं आत जाणार, रात्री प्रदर्शनाच्या दालनातच अंथरुणं टाकून झोपणार आणि सकाळी बाहेर येणार. लेक आठ वर्षांची आहे, आजी आणि मावशी सोडून कुणाकडे कधी राहिलेली नाही. पण चिठ्ठी हातात पडल्यापासून तिचं एकच चाललंय, जायचंय म्हणजे जायचंय.

पालकांच्या ग्रुपवर सरळ दोन तट पडलेत. एक म्हणतात एवढ्या लहान मुलांना रात्री कशाला, दुसरे म्हणतात हेच तर वय आहे. मला पाठवायचं आहे खरं तर, पण मनात तीन गोष्टी अडकल्यात, रात्री असं काय मिळतं जे दिवसा मिळत नाही, तिथे मुलांवर लक्ष कोण आणि कसं ठेवतं, आणि मध्यरात्री ती रडायला लागली तर काय. ज्यांनी मुलं पाठवलीत किंवा जे सोबत गेलेत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

पायवाट

मी विरोधी तटातला. माझा मुलगा चौथीत आहे, विज्ञानाची प्रचंड आवड आहे त्याला, आणि म्हणूनच म्हणतो की दिवसा न्या, ताजंतवानं असताना नीट दाखवा. आठ-नऊ वर्षांची मुलं संध्याकाळपर्यंत दमलेली असतात, मग रात्री अकरापर्यंत त्यांना या दालनातून त्या दालनात पळवायचं, नवीन जागेत धड झोप लागत नाही, सकाळी लवकर उठवायचं आणि पुढचे दोन दिवस घरी चिडचिड. यात विज्ञान किती आणि मित्रांबरोबर एकत्र झोपण्याची मजा किती? मजेला माझी ना नाही, पण मग त्याला मजाच म्हणा ना.

काजवा

मी एका विज्ञान केंद्रात रात्रीच्या मुक्कामाचे कार्यक्रम घेते, त्यामुळे जरा लांबलचक लिहिणार आहे, चालवून घ्या.

पायवाट, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो सगळ्याच पालकांनी विचारायला हवा. हे मुक्काम काही आजकालची टूम नाही, अमेरिकेत कोलंबस शहरातल्या कोसी या विज्ञान केंद्राने १९७२ मध्येच मुलांना रात्री आत झोपवायला सुरुवात केली होती, आता कितीतरी संग्रहालयं करतात. कारण साधं आहे, दिवसा प्रत्येक यंत्रामागे रांग असते. मुलाच्या वाट्याला बटण दाबण्यापुरता वेळ येतो, दाबलं, काहीतरी हललं, मागचा ढकलतोय, चला पुढे. आणि खरं शिकणं सुरू होतं ते चौथ्या-पाचव्या वेळेला, जेव्हा मूल मुद्दाम उलटं करून बघतं. फ्रँक ओपनहायमर यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम हे विज्ञान संग्रहालय उभं केलं ते याच विचारावर, की वस्तूला हात लावू द्या आणि मुलाला तिच्याशी हवं तेवढं खेळू द्या. (ते स्वतः भौतिकशास्त्रज्ञ होते पण मधली काही वर्षं शाळेत शिकवलं होतं त्यांनी, मला वाटतं तिथूनच हे आलं असणार.)

आता रात्रीच्या खास गोष्टी सांगते. दालनाच्या दोन टोकांना दोन मोठ्या खोलगट तबकड्या असतात बघा, तबकडीकडे तोंड करून तिच्या नाभीपाशी (म्हणजे तबकडीसमोरचा जो बिंदू, तिथे आवाज एकवटतो) कुजबुजलं की लांबच्या तबकडीपाशी कान लावून उभ्या असलेल्या मुलाला स्पष्ट ऐकू येतं. दिवसा मुलं तिथे ओरडतात, कारण गोंगाटात कुजबुज जातच नाही, आणि ओरडल्यावर काय, तबकडी नसली तरी ऐकू येणारच, म्हणजे प्रयोगाचा मुद्दाच हरवला. रात्री सगळं शांत असतं. मग मुलं इतकं हळू बोलतात की शेजारी उभ्या असलेल्या मला कळत नाही आणि पलीकडचा मुलगा मात्र उत्तर देतो. त्यावर मुलं आपणच विचारतात की मधल्या माणसाला का नाही ऐकू आलं.

दुसरं म्हणजे अंधार. आम्ही दिवे अगदी मंद करतो आणि मुलांना वीस-तीस मिनिटं गोष्टी सांगत बसवतो, डोळे अंधाराला पुरते सरावायला एवढा वेळ लागतोच. मग रंगीत कार्डं वाटतो आणि कुठला रंग ते वहीत लिहायला सांगतो. लाल कार्ड बहुतेकांना काळं वाटतं आणि निळं त्यामानाने उजळ. दिवे लावले की जो काय कल्ला होतो! अंधुक उजेडात डोळ्यातल्या दंडपेशी काम करतात, त्यांना रंग ओळखता येत नाहीत आणि लाल उजेडाला तर त्या जवळजवळ दादच देत नाहीत. हे दिवसा, रांगेत, मागे दुसरा वर्ग उभा असताना करून दाखवा बघू.

आणि तिसरा फुकोचा लंबक, माझा सगळ्यात लाडका. १८५१ मध्ये लिओं फुकोने पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटर लांब तारेला २८ किलोचा गोळा टांगून दाखवलं होतं की लंबकाच्या झोक्याची दिशा हळूहळू वळत जाते, कारण खालची पृथ्वी फिरतेय. हल्ली बऱ्याच केंद्रांत हा लंबक असतो आणि गोलात खुंट्या उभ्या केलेल्या असतात, गोळा एकेक खुंटी पाडत जातो. दिवसाच्या सहलीत मूल तिथे दोन मिनिटं थांबतं, काहीच होत नाही, कंटाळून निघून जातं. मुक्कामात त्याला अख्खी रात्र मिळते.

पायवाट

काजवा, छान लिहिलंय, लंबकाचं मात्र आणखी हवं. रात्रभरात किती वळतो तो? अगदी थोडासा वळत असेल तर मुलांना काय कळणार.

काजवा

जागेवर अवलंबून आहे. ध्रुवावर २४ तासांत पूर्ण फेरी, विषुववृत्तावर वळतच नाही, मधे अक्षांशाप्रमाणे. हिशोब सोपा आहे, तासाला १५ अंश गुणिले अक्षांशाचं साइन. ३० अक्षांशावर साइन बरोब्बर अर्धं, म्हणजे तासाला साडेसात अंश. खुंट्या दर ५ अंशांवर असतील तर साधारण ४० मिनिटांनी एक पडते. रात्री नऊ ते सकाळी सात धरा, ७५ अंश, म्हणजे झोपताना एकीकडून झुलत असलेला लंबक उठल्यावर चांगलाच दुसरीकडून झुलतोय. उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, दक्षिणेत उलट.

आम्ही काय करतो, नऊ वाजता दोन-तीन खुंट्या पडताना बघायच्या, मधला वेळ मोजायचा आणि सकाळी सातला कुठली पडलेली असेल ते प्रत्येकाने आपल्या नावाने लिहून ठेवायचं. साइन वगैरे तिसरीच्या मुलाला लागतच नाही, त्याला भागाकार येतो तेवढा पुरतो.

पायवाट

हे पटलं, मनापासून. पण मग माझा आक्षेप दुसरीकडे सरकतो. आमच्याकडे आलेल्या पत्रकात संध्याकाळी सहापासून रात्री साडेअकरापर्यंत दर पाऊण तासाला एक कार्यक्रम आहे, तारांगण, मग थ्रीडी शो, मग रॉकेट कार्यशाळा, मग स्लाइम, मग विजेचा शो. यात हातात वस्तू घेऊन पाचव्यांदा उलटी करून बघायला वेळ कुठाय? म्हणजे दिवसाची घाईच रात्री नेऊन ठेवली.

काजवा

अगदी बरोबर बोललात आणि आमच्या क्षेत्रातली ही खरी अडचण आहे. पालकांना यादी लांब दिसली की चांगला कार्यक्रम वाटतो, म्हणून यादी लांबत जाते. माझं स्पष्ट मत आहे, मुलांच्या हातात निदान दीड-दोन तास मोकळे हवेत, एखाद-दुसरं दालन उघडं, मदतीला माणसं, आणि कुणी शिट्टी मारून पुढे नेत नाहीये. शाळेला हे सांगता येतं. एक शो कमी करा म्हटलं तर केंद्रं सहसा नाही म्हणत नाहीत, आम्हालाही तेच सोपं पडतं.

खडूफळा

शिक्षिका आहे, असे मुक्काम नेलेत, म्हणून लक्ष ठेवण्याबद्दल लिहिते. सोनचाफाताई, शाळेला नुसतं "सुरक्षित आहे ना" असं विचारू नका, कुणीही हो म्हणेल. असं विचारा की रात्री दोन वाजता माझ्या मुलीला शू लागली तर ती कुणाला उठवेल, ती व्यक्ती कुठे झोपलेली असेल, टॉयलेट किती लांब आहे आणि तिथपर्यंत दिवा असेल का. यावर उत्तर पटकन आणि नेमकं आलं तर समजा त्यांनी विचार केलाय, अडखळत आलं तर फॉर्म भरायच्या आधी पुन्हा भेटा.

आमची पद्धत अशी, सात-आठ मुलांमागे एक मोठं माणूस आणि प्रत्येक मुलाला एक जोडीदार, जोडीदाराशिवाय हलायचं नाही. मुलं मोजायची ती आकड्याने नाही, नावाने, कारण आकडा जुळतो आणि दुसऱ्या शाळेचं पोर आपल्यात आलेलं असतं (बऱ्याचदा एका रात्री दोन-तीन शाळा असतात). कुठलाही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर एकटा असणार नाही, टॉयलेटला नेतानासुद्धा दोन मुलं नाहीतर दोन मोठे. रात्री दोघं जण आळीपाळीने जागे राहतात. पालक स्वयंसेवक म्हणून आले तरी त्यांना हेच नियम, आणि स्वतःच्या मुलाच्या गटात शक्यतो ठेवत नाही.

अजून एक, आगीची घंटा. गाढ झोपलेली लहान मुलं त्या आवाजाने उठतातच असं नाही, घरी पण नाही उठत. म्हणून दिवे जायच्या आधी आम्ही एकदा सगळ्यांना बाहेरच्या दारापर्यंत चालवत नेतो आणि कुठला मोठा माणूस कुठल्या मुलांना हलवून उठवणार ते ठरलेलं असतं. तुमच्या शाळेने हे केलंय का ते विचाराच.

अंथरुणाचं म्हणाल तर फरशी गार असते आणि मोठ्या दालनातला एसी रात्री बंद करता येत नाही, कारण आतल्या वस्तूंना तो लागतो. खाली जाड काहीतरी हवंच, नुसती चादर देऊ नका. पायात मोजे. आणि अंथरूण-पांघरूण मुलाला एकट्याला उलगडता-गुंडाळता आलं पाहिजे, घरी दोनदा करून घ्या, सकाळी सत्तर स्लीपिंग बॅगा आम्ही चौघी कशा गुंडाळणार.

गोधडी

एक अवघड विषय आहे, इथे नाव नाहीये म्हणून विचारते. मुलगा नऊ वर्षांचा, आठवड्यातून एक-दोनदा अंथरूण ओलं होतं अजून. त्याला जायचंय पण तोच म्हणतो आई नको, सगळे हसतील. मला त्याचं जाणं या एका गोष्टीसाठी थांबवायचं नाहीये. काय करू?

निळीशाई

गोधडीताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे. पहिलं त्याला हे सांगा की तो एकटा नाही. सात वर्षांच्या मुलांत साधारण दहातल्या एकाला आणि दहा वर्षांच्यांत वीसातल्या एकाला हे असतं. म्हणजे तिसरी-चौथीच्या साठ-सत्तर जणांत आणखी तीन-चार मुलं हीच काळजी घेऊन बसलेली असणार, फक्त कुणी बोलत नाही.

व्यवहाराचं सांगायचं तर एका शिक्षकांना आधी सांगून ठेवा, मुलासमोर आणि त्याच्या परवानगीने. झोपताना घालायची शोषक पँट मिळते, ती स्लीपिंग बॅगच्या तळाशी आधीच ठेवून द्यायची, आत शिरल्यावर आतल्या आत घालता येते, घरी सराव करा. जागा टॉयलेटकडच्या बाजूला, कडेला घ्या. शिक्षकांच्या रात्रीच्या फेरीत त्याला एकदा उठवता येतं, तसं ते अजून दोघा-तिघांना उठवतातच, वेगळं दिसत नाही. डेस्मोप्रेसिन नावाचं औषध असतं, अशा मुक्कामापुरतं देता येतं, पण डॉक्टरांना भेटून, आणि आधी घरी देऊन बघायला हवं. ते घेतल्यावर आठ तास पाणी अगदी मोजकं प्यायचं, नाहीतर रक्तातलं सोडियम खाली जाऊ शकतं. त्यामुळे ते देणार असाल तर शिक्षकांना लेखी द्या, रात्री मूल तहान लागली म्हणालं की कुणीही प्रेमाने बाटली पुढे करतं.

पायवाट यांचा झोपेचा मुद्दाही खरा आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते आणि मुक्कामात ती मिळत नाही. एका रात्रीने नुकसान काही नाही, पण दुसऱ्या दिवशी क्लास, वाढदिवस, पाहुणे काही ठेवू नका.

सोनचाफा

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, शाळेला विचारायचे प्रश्न लिहून घेतले. रडण्याबद्दल अजून कुणी बोललं नाहीये. मी लेकीला सांगणार आहे की नाही आवडलं तर फोन कर, मी घ्यायला येते. तेवढाच तिला धीर.

निळीशाई

थांबा, तेवढं नका सांगू. घरच्या आठवणीने मुलं व्याकुळ होतात त्यावर थर्बर आणि वॉल्टन यांचा एक अहवाल आहे, २००७ चा, पिडियाट्रिक्स या वैद्यकीय नियतकालिकात आलेला, त्यात नेमकं याच वचनाबद्दल सावध केलंय. "येते मी घ्यायला" म्हटलं की मुलाला त्याचा अर्थ असा लागतो की आईलाच खात्री नाही मी राहू शकेन म्हणून. मग पहिल्या हुरहुरीला ते सोबतच्या माणसाकडे जायच्या ऐवजी फोनकडे जातं. त्याऐवजी आधी एक-दोन रात्री मैत्रिणीकडे वगैरे राहू द्या, आणि सरळ सांगा की झोपताना घरची आठवण येईल, सगळ्यांनाच येते, तेव्हा काय करशील ते आत्ताच ठरवू. ठरवू द्या तिला.

खडूफळा

अनुमोदन. रडू येतं ते जवळजवळ नेहमी दिवे गेल्यानंतरच्या अर्ध्या तासात. आम्ही शेजारी जाऊन बसतो, बोलतो. खूपच झालं तर पालकांना बोलावतोच, ते मुलाला नाही तर पालकांना माहीत असलं की पुरे.

मेघडंबरी

आमच्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट आहे, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं यंत्र, त्याचा एक भाग बाहेर असतो. झोपताना बाहेरचं यंत्र काढून ठेवतो, मग त्याला काहीच ऐकू येत नाही, आणि अंधारात ओठही दिसत नाहीत. शाळा म्हणते काही प्रॉब्लेम नाही, पण मला ते "काही प्रॉब्लेम नाही" पुरत नाहीये. काजवाताई, तुमच्याकडे अशी मुलं येतात का?

काजवा

येतात आणि यायलाच हवीत. विजेच्या शोबद्दल आधी सांगते कारण ते महत्त्वाचं, केस उभे करणारा तो मोठा धातूचा गोळा असतो ना, व्हॅन डी ग्राफ जनित्र, त्याला इम्प्लांट असलेल्या मुलाने हात लावायचा नाही आणि जवळही थांबायचं नाही, स्थिर विजेने यंत्रातली जुळणी बिघडू शकते, बनवणाऱ्या कंपन्याच तसं सांगतात. त्याच्यासाठी मागची बसायची जागा ठरवून ठेवा आणि त्याला कारण नीट समजावून सांगा, नाहीतर त्याला वाटतं आपल्याला वगळलं. (फिट्स येणारं मूल असेल तर त्याच्या पालकांनीही लखलखणाऱ्या दिव्यांबद्दल आधी विचारावं.)

सोनचाफा

जाऊन आली! उशिराने लिहितेय, माफ करा, दुसरा दिवस झोपेतच गेला तिचा. आम्ही काही पालकांनी मिळून शाळेला थ्रीडी शो काढायला सांगितलं होतं, आढेवेढे न घेता काढला. त्या वेळात लंबकाचं दालन मोकळं ठेवलं होतं. तिने वहीत खुंट्यांचं वर्तुळ काढलंय, प्रत्येकीला नंबर, आणि अंदाजाचा नंबर खोडून दुसरा, तो खोडून तिसरा, कारण मधे एक खुंटी गोळ्याचा नुसता धक्का लागून डुगडुगली आणि पडलीच नाही, पुढच्या झोक्याला पडली, मग वेळ कुठला धरायचा यावर त्यांच्या गटात भांडण झालं. शेवटी ठरलं पडली तेव्हाच पडली. सकाळी तिची दोन खुंट्यांनी चुकली आणि त्यावर तिचं म्हणणं की चुकली नाही, आम्ही मोजताना घाई केली, एका खुंटीवरून काढलं, चार धरायला हव्या होत्या. हे ऐकून मी गप्पच झाले.

रडू आलं होतं म्हणाली, बाई येऊन बसल्या, मग जोडीदारणीला पण रडू आलं म्हणून हिने तिला समजावलं आणि त्यात स्वतःचं राहून गेलं. फोन नाही केला.

पायवाट

एका खुंटीवरून काढलं, चार धरायला हव्या होत्या, हे चौथीच्या आत कळणं फार मोठं आहे. आमच्या शाळेला तीच सूचना दिलीये, दोन शो काढून मोकळा वेळ मागितलाय. एक होकार आलाय, दुसऱ्यासाठी पाठपुरावा चालू आहे. मुलाचा फॉर्म भरला.

गोधडी

आमचाही गेला होता. कोरडी रात्र. निळीशाई डॉक्टर, त्या तळाशी ठेवायच्या युक्तीसाठी आभार मानावे तेवढे कमी.

मेघडंबरी

आमचा पुढच्या आठवड्यात आहे, परवा फॉर्म द्यायचाय. काजवाताई, रात्रीच्या घंटेचं काय करू तेवढं सांगा, आणि विजेच्या गोळ्याशिवाय आणखी कशापासून लांब ठेवायचं?

काजवा

मोठे विद्युतचुंबक, लोखंडाचा भुगा उचलून दाखवतात ते, कारण इम्प्लांटमध्ये आत लोहचुंबक असतो. रात्रीसाठी उशीखाली ठेवायचं थरथरणारं घड्याळ मिळतं पण ते घंटेला जोडलेलं नसतं, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका, हाताच्या अंतरावर एक मोठं माणूस झोपलेलं हवं आणि कोण ते नावानिशी ठरलेलं हवं. मुलाला आणि त्यांना एक खूण ठरवून द्या, खांद्यावर दोनदा थोपटलं म्हणजे लगेच उठून हात धरायचा. बाहेरचं यंत्र त्याच्या डबीत, डबी स्लीपिंग बॅगमध्ये नाही तर त्या माणसाच्या उशाशी, चार्जरसाठी प्लग कुठे आहे ते आधीच विचारा, दालनात प्लग फार कमी असतात. आणि हे सगळं फॉर्मच्या मागे लिहा, एक प्रत शाळेला आणि एक केंद्राला, केंद्राच्या प्रतीवर "रात्रपाळीसाठी" असं मोठ्या अक्षरात, कारण संध्याकाळचे लोक दहाला घरी जातात.